मोठी आई, महालक्ष्म्या आणि दोन गोळ्या

श्रावण संपत आला की आमच्या घरच्या बायकांचं दरवर्षी एक गुपचूप गणित सुरू होतं. कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरतं, बोटांवर दिवस मोजले जातात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "माझी तारीख नेमकी महालक्ष्म्यांत येते आहे गं." यापुढचं वाक्य बोलायची गरज नसते. घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या घेऊन येतं. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तुमच्या ज्या गौरी, त्याच आमच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. आमचं मूळ घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचं. तिथे या तीन दिवसांत सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वर टांगलेला फुलोरा असा सगळा थाट असतो, आणि सगळा स्वयंपाक सोवळ्यातला. घरच्या थोरल्या सुनेला त्या दिवसांत अडचण येऊन चालतच नाही.

मी ज्युनियर कॉलेजात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं. 'मानवी प्रजनन' हा धडा इतक्या वेळा शिकवला की फळ्यावर ती आकृती डोळे मिटून काढता येईल. वर एस्ट्रोजेनची रेघ, खाली प्रोजेस्टेरॉनची, मध्ये एलएचचं उंच टोक. पण त्या आकृतीचा आणि आमच्या घरातल्या गोळ्यांचा संबंध मी कधी कुणाला समजावून सांगितला नाही. घरात कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मोठ्या आईनेच विचारलं. म्हणून हे लिहिते आहे. (घरचेही हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक आहे. मोठ्या आईला विचारून लिहिलं आहे, तेव्हा फोन करून रागावू नका :) )

*

मोठी आई म्हणजे माझी मोठी काकू. १९७३ साली लग्न होऊन दारव्ह्याला आली. तेव्हा मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे चालू होती. त्या झुकझुक गाडीतून वऱ्हाड आलं होतं, हे ती अजून कौतुकाने सांगते. पहिल्याच भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी तिची पाळी आली. तीन दिवस पडवीत, वेगळं ताट, वेगळं पांघरूण. आत सगळं घर राबत होतं आणि नवी सून बाहेर बसून होती. आजी तोंडावर काही बोलली नाही, पण शेजारणींना जे सांगितलं ते पडवीत ऐकू येत होतं.

दुसऱ्या वर्षी ओळखीतल्या एका नर्सबाईंनी पाळी पुढे ढकलायची गोळी सांगितली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं दर भाद्रपदात ती गोळी. शिवाय नवरात्र, कुणाचं लग्न, सत्यनारायण असेल तर वेगळी. आम्हाला वाटायचं मोठ्या आईचं नशीब चांगलं, तिला ऐनवेळी कधी अडचण येत नाही!

मोठ्या आईला मूल झालं नाही.

गेल्या वर्षी मी दारव्ह्याला गेले होते. दुपारी दोघीच वाती वळत बसलो होतो. माझ्या भावाच्या मुलीची, म्हणजे आमच्या पुतणीची तारीख महालक्ष्म्यांत येते आहे आणि तिच्यासाठी गोळ्या आणायच्या आहेत, असं बोलणं सकाळी झालं होतं. मोठ्या आईच्या डोक्यात ते घोळत असावं. वात वळता वळता ती म्हणाली, "तू तर हेच शिकवत होती न कॉलेजात? मले एक सांग बाई. त्या गोळ्याइनं तर नाही न झालं माह्यं असं?"

मी म्हटलं, "कसं?"

मग तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. १९७८ सालची गोष्ट. त्या वर्षी तिची पाळी दीड महिना आली नव्हती. लग्नाला पाच वर्षं झालेली. आनंद व्हावा की धास्ती वाटावी तेच कळेना. महालक्ष्म्या दहा-बारा दिवसांवर आल्या होत्या. समजा दिवस गेलेले नसले आणि तुंबलेली पाळी नेमकी महालक्ष्म्यांत आली तर? म्हणून ती जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. "दिवस गेले असतील तर काही होणार नाही, नसतील तर पाळी येईल," असं सांगितलं. चार दिवसांनी पाळी आली. खूप अंगावरून गेलं. महालक्ष्म्या मात्र निर्विघ्न पार पडल्या.

"पण थे होतं तर? अन् मीच गोळी खाऊन...?" एवढंच ती म्हणाली. आपल्यापाशीच ठेवलेला हा प्रश्न सेहेचाळीस वर्षांचा झाला होता.

*

तिला उत्तर द्यायचं म्हणजे पहिल्यापासून सांगणं भाग होतं. मग सुरुवात केली बैलापासून. पोळा नुकताच झाला होता!

गोऱ्ह्याला खच्ची केलं की त्याचा बैल होतो, हे आमच्याकडच्या पोराटोरांना ठाऊक असतं. मान जाड होत नाही, मस्ती उतरते, औताला शांत चालतो. पूर्वी दगडाने ठेचायचे, पुढे इटलीतल्या बुर्डिझो नावाच्या माणसाने बनवलेला चिमटा जगभर पोचला. म्हणजे वृषणांतून असं काहीतरी निघतं जे साऱ्या शरीराचा स्वभाव ठरवतं, हे शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत होतं. नाव तेवढं नव्हतं. १८४९ साली जर्मनीत ग्यॉटिंगेनला बर्टहोल्ड या प्राध्यापकाने कोंबड्यांवर हेच तपासलं. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला, आरवणं थांबलं. पण काढलेलं वृषण त्याच्याच पोटात दुसरीकडे बसवलं तर तुरा पुन्हा लाल झाला, तो पुन्हा आरवायला लागला. नसांची जोडणी तर तुटलेली होती, तेव्हा जे काही होतं ते रक्तातूनच जात असणार. अशा रक्तातून जाणाऱ्या निरोप्यांना 'हार्मोन' हे नाव पडलं ते १९०५ साली, इंग्लंडच्या स्टार्लिंगमुळे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला 'संप्रेरक' म्हणतात.

हे निरोपे हाती लागायला मात्र फार कष्ट पडले. १९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी गरोदर बायकांच्या लघवीतून पहिलं स्त्री-संप्रेरक वेगळं केलं. दोनच वर्षांनी बुटेनांटने पोलिसांच्या बराकीतून हजारो लिटर लघवी गोळा केली आणि तिच्यातून पुरुष-संप्रेरकाचे काही मिलिग्रॅम काढले. १९३४ साली डुकरिणींच्या बीजांडकोशांतून प्रोजेस्टेरॉन मिळालं. १९३५ साली अॅमस्टरडॅमला १०० किलो बैलांच्या (खरं तर वळूंच्या!) वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन निघालं. क्विंटलभर मालातून चिमूटसुद्धा नाही. यावर मोठी आई म्हणाली, "एवढ्याशानं एवढं होते?" एवढ्याशानेच होतं, हीच तर या निरोप्यांची खुबी.

नावांची पण गंमत आहे. 'एस्ट्रोजेन'मधला 'एस्ट्रो' ग्रीक भाषेतल्या गोमाशीच्या नावावरून आला. गोमाशी चावल्यावर गुरं उधळतात, तशी जनावराची अवस्था. आपण म्हणतो गाय माजावर आली, तेच हे. प्रोजेस्टेरॉनच्या नावाचा अर्थ सरळ आहे, गर्भधारणेच्या बाजूचं.

*

आता प्रतवारी. शिकवताना मी मुलींना सांगायची की पाठ करू नका, कोण कुठून येतो आणि कशाचा बनलेला आहे तेवढं बघा.

पहिली जात स्टेरॉइड संप्रेरकांची. ही कोलेस्टेरॉलपासून बनतात. एस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन. तिघंही एकाच घराण्यातले. एकापासून दुसरं बनतं, बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असतं आणि पुरुषाच्या अंगात एस्ट्रोजेन. प्रमाण काय ते वेगळं. ती स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यामुळे पेशीचं दार न वाजवता थेट आत शिरतात. या घराण्यातल्या औषधांची गोळी पोटात घेऊन चालते ती म्हणूनच, अर्थात रेणूत थोडा बदल करावा लागतो.

दुसरी जात प्रथिनांची. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून एफएसएच आणि एलएच येतात. गर्भ राहिला की वारेकडून येणारं एचसीजी याच जातीचं. ही पेशीत शिरत नाहीत, बाहेरूनच दार वाजवतात. पोटात घेतली तर डाळीसारखी पचून जातात, म्हणून यांचं इंजेक्शनच द्यावं लागतं.

तिसरी जात अगदी लहान पेप्टाइडांची. हायपोथॅलॅमसमधून येणारं जीएनआरएच फक्त दहा अमिनो आम्लांचं, प्रसूतीच्या कळा आणणारं आणि पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन नऊंचं.

आता यांच्यावर हुकूम कुणाचा? हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी बीजांडकोशाला किंवा वृषणाला सांगते, आणि तिथून निघालेलं संप्रेरक उलट वर जाऊन 'पुरे' म्हणतं. गच्चीवरची टाकी भरली की बॉल वर येऊन मोटर बंद होते, तसंच. ही उलटी लगाम शिकागोच्या मूर आणि डोरोथी प्राइस या दोघांनी १९३२ साली मांडली. सगळ्यात वरचा हुकूम मेंदूचा आहे हे पुढे इंग्लंडच्या जेफ्री हॅरिसने दाखवलं. जीएनआरएचचा नेमका रेणू १९७१ साली कळला. त्यासाठी शॅली आणि गिलेमिन या दोन भांडखोर शास्त्रज्ञांनी लाखो डुकरं-मेंढ्यांचे मेंदू वाटले होते! १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं, आणि रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं मोजायची रीत शोधणाऱ्या रोझलिन यालो यांनाही.

या नियमाला महिन्यातून एकदाच अपवाद होतो. पाळीच्या मध्यावर एस्ट्रोजेन दोनेक दिवस चांगलं चढलेलं राहिलं की ते 'पुरे' म्हणायच्या ऐवजी 'अजून' म्हणतं. मग एलएचची लाट येते आणि दीडेक दिवसात बीज सुटतं. बीज सुटल्यावर मागे उरतं ते पीतपिंड. ते प्रोजेस्टेरॉन बनवतं, गर्भाशयाचं अस्तर सांभाळून ठेवतं. त्याचं आयुष्य साधारण चौदा दिवसांचं. गर्भ राहिला नाही तर ते सुकतं, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तर गळून पडतं. तीच पाळी.

मी हे सांगत होते आणि मोठी आई वाती बाजूला ठेवून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे महालक्ष्म्या बसल्या आहेत तोवर मखर ठेवायचं, अन् त्या उठल्या की उतरवायचं. तसंच न?"

इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. अगदी तसंच! प्रोजेस्टेरॉन आहे तोवर मखर उभं. ते गेलं की मखर उतरतं.

*

आणि हे एकदा कळलं की दोन्ही गोळ्या कळतात.

पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखं वागणारं, कारखान्यात बनलेलं औषध. तारखेच्या तीनेक दिवस आधीपासून ते घेत राहिलं की अस्तराला वाटतं पाहुण्या अजून बसलेल्याच आहेत. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत मखर उतरतं. पाळी आणायची गोळी त्याच घराण्यातली, सोबत एस्ट्रोजेन. दोन दिवस भरपूर द्यायची आणि एकदम थांबवायची. पाहुण्या एकदम उठल्या, मखर उतरलं. म्हणजे एकाच निरोप्याला थांबवून धरलं की पाळी थांबते आणि एकदम पाठवून दिलं की पाळी येते. दारव्ह्यातल्या एका सुनेने हे दोन्ही उपाय केले, आणि ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत हे तिला कुणी सांगितलं नाही.

नॉरएथिस्टेरॉनचा जन्म मेक्सिकोतला. तिथल्या जंगली कंदांत (आपल्याकडच्या कोनफळाच्या गोतातले) असं एक द्रव्य असतं की त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येतं, हे रसेल मार्कर या हट्टी अमेरिकन रसायनतज्ज्ञाने शोधलं. १९४४ साली त्यातून मेक्सिको सिटीत एक कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुइस मिरामोंतेस या तरुणाने नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. खेड्यातली माणसं डोंगरातून कंद खणून आणत आणि त्या पोत्यांतून जगभराच्या बायकांच्या गोळ्या बनत. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. माल आपला, भाव दुसऱ्याचा.

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात निर्भीडपणे बोलले ते रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. कर्व्यांच्या हाती साधनं होती ती बाहेरून वापरायची, संप्रेरकांची गोळी तेव्हा कुठेच नव्हती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. नॉरएथिस्टेरॉन तेव्हा दोन वर्षांचं व्हायला एक दिवस कमी होता. मला नेहमी वाटतं, गोळी त्यांच्या हयातीत आली असती तर बाईला ती देताना तिला काय काय सांगितलं पाहिजे हेही त्यांनी लिहून ठेवलं असतं. कारण पुढे नेमकं तेवढंच राहून गेलं.

*

आता ती दुसरी गोळी. गर्भ राहिला आहे का, हे कळायला पूर्वी सोपा मार्ग नव्हता. १९२७-२८ मध्ये बर्लिनला आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी उंदरिणीला टोचून बघायची रीत काढली. पुढे बेडूक आले. उंदीर-बेडूक ठेवायची सोय दारव्ह्यासारख्या ठिकाणी कुठून असणार? मग १९५०च्या दशकापासून एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची जबर मात्रा देऊन 'पाळी येते का बघू' अशी परीक्षा जगभर सुरू झाली. आपल्याकडे तिला 'ईपी फोर्ट' म्हणत. १९६७ साली लंडनच्या डॉ. इझाबेल गाल यांनी धोक्याची सूचना दिली की ही गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत मज्जारज्जूचे दोष जास्त दिसतात. ब्रिटनमध्ये ती गोळी बाजारातून गेली १९७८ साली.

१९७८. मोठी आई त्याच वर्षी त्या डॉक्टरांकडे गेली होती.

भारतात सरकारने १९८२ साली बंदीचं पाऊल उचललं, तर काही उत्पादकांनी कोर्टातून स्थगिती आणली. इथल्या बायकांच्या संघटना, औषधांविषयी काम करणारे गट आणि मेडिको फ्रेंड सर्कलसारखी डॉक्टर मंडळी (यांच्या बैठका आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला भरत) मागे लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या आणि शेवटी १९८८ साली बंदी आली. या गोळीने गर्भ पडतो असा समज गावोगाव होता. तो खोटा होता आणि धोका त्यातच होता. गर्भ बहुधा राहायचाच, आणि ऐन घडणीच्या दिवसांत त्याच्यापर्यंत एवढी संप्रेरकं पोचायची. दोष खरोखर तिच्यामुळेच होतात का यावर अजून वाद आहे. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१७ साली संबंध सिद्ध होत नाही म्हटलं, तर २०२० सालच्या दुसऱ्या चौकशीने म्हटलं की ही गोळी १९६७ सालीच थांबवायला हवी होती. मला दुसरं म्हणणं पटतं. शंका होती, गोळीवाचून अडणारं काही नव्हतं, मग बाईवर ती का चालवून बघायची?

आज आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' नावाची पट्टी असते. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की एचसीजी आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. मोठ्या आईला पाच वर्षांनी आलेली ती शंका आज पाच मिनिटांत फिटली असती.

*

मग मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. जपून दिलं, पण खोटं दिलं नाही.

गर्भ रुजला की तो एचसीजी पाठवतो. ते पीतपिंडाला सांगतं, सुकू नकोस. म्हणजे बाईच्या स्वतःच्या अंगात प्रोजेस्टेरॉन चालूच राहतं. बाहेरची गोळी थांबवली तरी मखर उतरत नाही, कारण आतल्या पाहुण्या बसलेल्या असतात. तुला चार दिवसांनी पाळी आली, त्या अर्थी आत बहुतेक कुणी नव्हतं. तू कुणाला उठवलं नाहीस. आणि दर भाद्रपदातली ती दुसरी गोळी? तिचा अंमल थोड्या दिवसांत उतरतो. वर्षातून काही दिवस घेतल्याने मूल होणं कायमचं थांबत नाही.

"मग काऊन नाही झालं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण प्रतिप्रश्न होता. मोठ्या बाबांची कधी तपासणी झाली होती का? ती नुसती हसली. एफएसएच आणि एलएच पुरुषाच्या अंगातही असतात, अगदी तीच. एलएच टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच शुक्राणूंच्या कामात लागतं. नावं बायकांच्या बीजांडकोशावरून पडली म्हणून सगळ्यांना वाटतं हे खातं बायकांचंच. मोठ्या आईला उपास झाले, नवस झाले, अमरावतीच्या दोन डॉक्टरीणबाई झाल्या. बाबांना कुणी एक बाटलीसुद्धा दिली नाही तपासायला.

(थोडं अवांतर. पुरुषांसाठीही एक गोळी निघाली होती, आणि ती आमच्या सरकीतून! कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनच्या काही खेड्यांत ते तेल खाणाऱ्यांना मुलं होईनात, तिथून शोध लागला. १९७०च्या दशकात तिथे हजारो पुरुषांवर प्रयोग झाले. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींची क्षमता परत आलीच नाही, म्हणून १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो नाद सोडला. योग्यच केलं. एवढीच काळजी बायकांच्या गोळ्यांच्या बाबतीत वेळेवर घेतली असती तर बरं झालं असतं. आपलं सरकीचं तेल रिफाइंड असतं, घाबरू नका. ढेप म्हशीला खुशाल घाला.)

मोठी आई बराच वेळ काही बोलली नाही. मग वातींची जुडी बांधली आणि म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर..." आणि उठून चहा ठेवायला गेली.

*

राहता राहिली पुतणी. ती अमरावतीला इंजिनियरिंगला आहे, एकोणीस वर्षांची. तिला अधूनमधून डोकं दुखतं, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात. हे तिने त्या दिवशी बोलता बोलता सांगितलं. आणि मी चपापले. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पाळी पुढे ढकलायला जी मात्रा घेतात ती लहान नसते. अशी अर्धशिशी असेल, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचं दुखणं असेल, तर ही गोळी डॉक्टरला न विचारता घ्यायची नसते. बहुतेक बायकांना ती निभावते हे खरं. पण आपण बहुतेकांतल्या आहोत की उरलेल्यांतल्या, हे मेडिकलच्या काउंटरवर कळत नाही. तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं.

झालं. महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी तिची पाळी आली. पडवी आता राहिली नाही, पण बाहेरची खोली आहे. नियम कुणी मोडला नाही, कुणी मोडा म्हटलंही नाही. पोरीने सकाळी मोबाइल घेतला आणि निमूट बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आत सोळा भाज्या शिजत होत्या.

दुपारी पंगत बसायच्या वेळी सगळे मोठ्या आईला शोधायला लागले. महालक्ष्म्यांसमोरच्या रांगेतलं पहिलं पान तिचं. ती सापडली बाहेरच्या खोलीत. जमिनीवर बसायला तिचे गुडघे ऐकत नाहीत, तरी भिंतीला टेकून बसली होती. पोरीच्या पानाला लागून तिने आपलं पान मांडलं होतं. माझी आई दारातून म्हणाली, "वहिनी, अहो तिथे काय?"

"मले इथंच वाढ," मोठी आई म्हणाली. "अन् आंबील दे आधी, थंडी होऊन जाते."

वाढलं. काय करतो!

असो. यंदाही श्रावण संपत आला आहे आणि कॅलेंडर भिंतीवरून खाली आलं असेल. तुमच्याही घरी आलं असेल. गोळी घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी कोण सांगणार. फक्त ती कशाची आहे, अंगात जाऊन काय करते आणि आपल्याला चालणारी आहे का, हे डॉक्टरला विचारून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकदा विचारा, त्यांनी काय काय घेतलं होतं ते. वाती वळताना विचारलंत तर सांगतील.